तू उघडलीस ती कॅसेट

प्रिय आई,

जयभीम.

गेल्या रविवारी मी तुझ्याबद्दल एक खोटं बोललो. बारा-पंधरा माणसांसमोर बोललो आणि कुणी पकडलंही नाही! तेव्हापासून अन्न गोड लागत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. तू असतीस तर माझं तोंड बघूनच "काय लपवतोयस रे मिलू?" असं विचारलं असतंस. आता विचारणारं कुणी नाही, तेव्हा आपण होऊनच सांगावं लागणार. निस्तरायला शनिवारपर्यंत वेळ आहे.

पण त्याआधी आपले ते रविवार. आठवतात ना?

मला नोकरी लागून आपण मोरिवलीतून बदलापूरच्या फ्लॅटमध्ये आलो आणि पगार हातात पडायला लागल्यावर मला हे खूळ लागलं. लहानपणी शेजारच्या घरात खिडकीतून बघितलेला टीव्ही गेम आणि त्याच्या त्या रंगीत कॅसेटी. दोन हजार पाच-सहा साल असेल. सगळं जग नव्या मशिनींच्या मागे धावत होतं आणि मी जुन्याच्या. सायबर कॅफेत बसून परदेशातल्या लोकांनी लिहिलेलं वाचायचो आणि रविवारी उल्हासनगरच्या गल्ल्या पालथ्या घालायचो. तू म्हणायचीस, "घोड्या, लग्नाचं बघायचं सोडून खेळणी काय गोळा करतोस!"

पहिल्यांदा तू बरोबर आलीस ती पडद्याचं कापड घ्यायला. वाटेत मी एका दुकानात शिरलो, समोरच्या ढिगात हवी ती कॅसेट दिसली, आणि मी आनंदाने ओरडलोच. दुकानदाराने जो भाव सांगितला तो मी मुकाट्याने दिला. बाहेर आल्यावर तू म्हणालीस, "तुझा चेहरा बघूनच भाव वाढतोय. लुटायला आलेल्याला घरात बोलावून चहा पाजशील तू."

पुढच्या रविवारी तू पडद्याचा बहाणासुद्धा केला नाहीस. सरळ चप्पल घातलीस.

काय तुझी पद्धत! कॅसेटीकडे बघायचंच नाही. मिक्सरचं भांडं आहे का, म्हणून विचारायचं. ते नसलं की इस्त्रीची वायर. ती महाग निघाली की निघायला लागायचं, आणि दारात पाय ठेवता ठेवता मागे वळून, "बरं, हे प्लास्टिकचे डबे कसे दिले? घरात एक पोरगं आहे, खेळेल." ते पोरगं म्हणजे मी, सव्वीस वर्षांचा, शेजारी सुतकी तोंड करून उभा! दुकानदार तुला अदी म्हणायचे, सिंधीत ताई म्हणतात तसं. एक जण तर हात जोडून म्हणाला होता, "अदी, आप रहने दो, ऐसे ही ले जाओ, लेकिन अगले हफ्ते मत आना."

मला खरं नवल वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. तुला इंग्रजी वाचता यायचं नाही. कॅसेटीवरचं चित्र खरं की खोटं, हे बघायला मी भिंग घेऊन बसायचो. तू दोन कॅसेटी दोन हातांत घ्यायचीस, जराशा हलवायचीस आणि सांगायचीस, "ही टाक. आत काही नाही, नुसतं टिकलीएवढं काळं डांबर असेल." मी घरी येऊन उघडून बघायचो. तेवढंच असायचं! आई, एकदाही चुकली नाहीस गं तू.

कुठून आलं हे, ते मी कधी विचारलं नाही. मला माहीत होतं, पण ते डोक्यात कधी जुळवलंच नाही. मोरिवलीच्या त्या कंपनीत तू अकरा वर्षं लाईनवर होतीस. रेडिओच्या आतल्या सर्किटच्या पट्ट्यांवर सोल्डर मारायचीस. कंपनी बंद पडली आणि तू उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात पॅकिंगला लागलीस, म्हणून मला वाटलं की ती अकरा वर्षंही संपली. ती तुझ्या हातात होती, आणि मी तुझ्याकडून फक्त भाव पाडून घेत होतो.

मग दिवस बदलले. मुंबईहून गाड्या घेऊन लोक यायला लागले. गळ्यात कॅमेरे, तोंडात 'ओरिजिनल' आणि 'रेअर'. दुकानदारांनी ते दोन शब्द आठवड्यात शिकून घेतले. काल किलोच्या भावाने भंगारात चाललेली कॅसेट आज काचेच्या कपाटात! मी तर हाय खाल्ली होती. "संपलं आई, आता आपल्यासारख्यांना परवडणारं नाही राहिलं," असं म्हणालो तेव्हा तू हसलीस. म्हणालीस, "दुकानात कशाला जायचं? माळ्यावर जायचं."

पॅकिंगच्या बायकांना सगळ्या उल्हासनगरची खबर. कुणाचं घर पाडून बिल्डिंग होतेय, कुणाच्या घरात माळा साफ करायचाय. त्यांच्याकडूनच तुला कॅम्प चारमधल्या त्या म्हाताऱ्या सिंधी बाई कळल्या. त्यांचा दीर जपानला कापडाच्या धंद्यात होता, त्याने पुतण्यासाठी खेळणी पाठवलेली. तू पदर खोचून अर्धा दिवस त्यांचा माळा झाडून दिलास. आणि एका बिस्किटाच्या डब्यात ती सापडली! सोनेरी कागदाची, अस्सल जपानी, जी मी दोन वर्षं शोधत होतो. आत बॅटरी असलेली, म्हणजे खेळ अर्धा सोडला तरी लक्षात ठेवणारी.

तिथे मात्र तू घासाघीस केली नाहीस. त्या बाई म्हणाल्या, "मेरा बेटा खेलता था. अभी हाँगकाँग में है. फोन भी कभी-कभी करता है." तू त्यांच्याच ओट्यावर चहा केलास, त्यांच्याजवळ बसलीस, आणि त्यांनी सांगितलेले पैसे तसेच हातात ठेवलेस. निघताना त्यांनी तुझ्या गालावरून हात फिरवला.

आता पुढचं लिहायला जड जातंय.

संग्राहकांचा एक नियम होता, मी सायबर कॅफेत शंभर वेळा वाचलेला. अस्सल कॅसेट कधी उघडायची नाही. उघडली की तिची किंमत गेली, इज्जत गेली. म्हणून मी ती चालवूनही बघितली नाही, रुमालात गुंडाळून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर ओट्यावर तुझं जुनं सोल्डरिंग आयर्न, टूथब्रश, स्पिरिटची बाटली. कॅसेट पुन्हा बंद करून टीव्हीला लावलेली. उलथन्याची कड खाचेत घालून तू ती उघडली होतीस!

तू केवढी खुशीत होतीस. म्हणालीस, "मिलू, वास आला रे मला कपाटातून. आतल्या बॅटरीला पाणी सुटलं होतं. नवी घातली बघ, आता..."

मी तुला वाक्य पुरं करू दिलं नाही. काय बोललो ते तुला माहीत आहे, पण आज ते माझ्या हाताने लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "तुला काय कळतं यातलं? ही काय तुझ्या कंपनीची लाईन आहे? वाट लावलीस तू तिची."

तू आयर्न गार होईपर्यंत थांबलीस, वायर गुंडाळलीस, ओटा पुसलास. आणि विचारलंस, "भात टाकू का?"

का गं गप्प बसलीस? एरवी दुकानदाराला दोन मिनिटांत गार करणारी तू! मला एक ठेवून द्यायची होतीस. म्हणायचं होतंस, आधी आत बघ आणि मग तोंड उघड. पुढच्या रविवारी गुडघा दुखतो म्हणालीस. त्याच्या पुढच्याही. मी एकटाच जात राहिलो, महागाची खरेदी करत राहिलो, आणि मनात म्हणत राहिलो की आज घरी गेल्यावर बोलू. चार महिन्यांनी तुझं हृदय बंद पडलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे उठून तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले, पॅकिंगच्या बायकासुद्धा. मी सतरंजीवर बसून राहिलो.

आता इतक्या वर्षांनंतरचा हा गेला रविवार ऐक.

बदलापूरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये आमच्यासारख्या वेड्यांचा मेळा होता. पुढच्या महिन्यात लोकांना बघायला हे सगळं मांडायचं ठरलंय, म्हणून प्रत्येकाने आपली चांगली चीज आणायची होती. मी ती सोनेरी कॅसेट नेली आणि ऐटीत सांगितलं, "कधी उघडलेली नाही." तिथे एक निवृत्त इंजिनिअर आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात. आणखी दोघांकडे तशीच कॅसेट होती, तीही न उघडलेली. काकांनी तिन्ही लावून बघितल्या. त्या दोन मेलेल्या. आपली सुरू झाली.

काका म्हणाले, "हे कसं? बॅटरी इतकी वर्षं टिकूच शकत नाही. उघडूया." आता सगळ्यांसमोर चोरी पकडली जाणार! ते खाचेत चपटा स्क्रू-ड्रायव्हर घालत असतानाच मी घाईघाईने बोलून गेलो, "उल्हासनगरच्या कुणी कारागिराने आधी हात घातला असेल तर माहीत नाही हां." दोष दुसऱ्यावर ढकलायला म्हणून बोललो गं. तुझ्यावर.

काकांनी डोळ्याला भिंग लावलं आणि आतली पट्टी उजेडात फिरवून फिरवून बघितली. मग एकेकाला जवळ बोलावून दाखवायला लागले. माझा नंबर आला तेव्हा मी पहिल्यांदा आत बघितलं.

आई, तू नुसती बॅटरी नव्हतीस बदललीस! बॅटरीच्या पाण्याने पट्टीवरची तांब्याची रेघ खाऊन टाकली होती. तिथे तू केसाएवढी बारीक तार घालून ती रेघ पुन्हा बांधली होतीस. वळण घेत, शेजारच्या कशालाही न शिवता. दोन्ही टोकांना मोहरीपेक्षा लहान सोल्डरचे थेंब, आरशासारखे चकचकीत. भोवती सोल्डरच्या पेस्टचा डाग नाही. तुला तर सुईत दोरा ओवायलासुद्धा मी लागायचो! मग हे कोणत्या डोळ्यांनी केलंस? ती तार कुठून आणलीस? मी ऑफिसात कागद सरकवत होतो त्या दुपारी तू एकटी त्या ओट्यावर किती तास वाकून उभी होतीस?

मागाहून इतर दोन कॅसेटी उघडल्या. आत हिरवा गंज, पट्ट्या पार गेलेल्या. नियम पाळला होता ना त्यांच्या मालकांनी!

काका म्हणाले, "चाळीस वर्षं हेच केलं मी. असा जॉइंट माझ्या हाताखालच्या दोघा-तिघांनाच जमायचा. कोण आहे हा माणूस? मला भेटायचंय त्याला."

त्या क्षणी सांगायला काय हरकत होती? माझी आई, एवढेच दोन शब्द. पण सांगितलं असतं तर पुढचं कुणीतरी विचारलंच असतं, की मग तू आधी का नाही बोललास. मला लाज वाटली. गाड्या घेऊन आलेल्या त्या माणसांत, खरं सांगतो, तुझ्या लाईनची आणि पॅकिंगचीही थोडी वाटली. पण सगळ्यात जास्त वाटली त्या संध्याकाळी तुला बोललो त्याची. म्हणून मी म्हणालो, "तो वारला, काका."

उस्तादाचं नाव घेताना धरतात तशी काकांनी कानाची पाळी धरली. सगळ्यांनी एक मिनिट गप्प राहून त्या न झालेल्या माणसाला मान दिला, आणि मी त्यांच्यात मान खाली घालून उभा राहिलो. मग काका मला म्हणाले, "मांडणीत प्रत्येक चीजेशेजारी कार्ड लावणार आहोत. ह्या कॅसेटवर दुरुस्ती करणाऱ्याचं नाव पाहिजेच. उल्हासनगरला चौकशी कर आणि शनिवारपर्यंत आणून दे."

घरी येऊन मी कॅसेट टीव्हीला लावली. अजून चालते. तासभर पडद्याकडे नुसता बघत बसलो, खेळलो नाही. तुझ्या हातांना मी जन्मभर भाकरीचे हात समजत आलो. त्या हातांत काय काय होतं, हे एका परक्या माणसाने मला भिंगातून दाखवावं!

आई, मी शनिवारची वाट बघणार नाही. उद्याच काकांकडे जातो. कारागीर कोण ते सांगतो, आणि तिला मी काय बोललो होतो तेही सांगतो, एक शब्द न गाळता. त्यांना माझ्याबद्दल जे वाटायचं ते वाटू दे. कार्डावर मी स्वतःच्या अक्षरात लिहीन: दुरुस्ती, सुलोचना भिकाजी जाधव, मोरिवली. आणि मांडणीच्या दिवशी तिथून हलणार नाही. कुणी गळ्यात कॅमेरा घालून येईल आणि विचारेल, ही ओरिजिनल आहे का? तर सांगेन, नाही साहेब, हिला माझ्या आईचा हात लागलाय.

तुझाच,
मिलू