मावशीचा पदर

मंगळवार, संध्याकाळ, नायगाव

नदीच्या पाण्याचे नमुने तपासणाऱ्या सरांनी फोनवर लई झापलं. "उपग्रहाच्या फोटोत नदी तांबडी, अन् तुझ्या बाटलीत गाळच नाही? नळाचं पाणी भरलंस का?"

नदीचंच होतं! फोटोशी ताडून बघता यावं म्हणून उपग्रह वरून जायच्या वेळीच भरलं. मग मी म्हशींची टक्कर बघत बसलो, तेवढ्यात धुणं धुणाऱ्या मावशीनं बाटली उचलली. "असलं गढूळ सायबाला देतो व्हय रं?" म्हणत पदरातून गाळून दिलं. पदर तांबडा झाला, अन् मी उलट थँक्यू म्हणून आलो!

पाणी वाटेत गाळलं गेलं एवढंच सरांना सांगितलं, तर म्हणाले, "कोणी गाळलं? नाव सांग, नाहीतर काम बंद."

न्हाई सांगत. मायेनं गाळलं तिनं. काढा मला. पुढच्या वेळी उपग्रह येईल तेव्हा बिनपगारी नदीत उतरीन. मावशीनं पुन्हा पदर पुढं केला तर सांगीन, राहू दे मावशी, सायबाला मातीच पाहिजे.