लाल गावातलं बाळंतपण

१४ जुलै
गेल्या पुरातल्या त्या सकाळी गोठा लोटला, धार काढली, ह्यांच्यासाठी भाकरी थापायला बसले. तिसरी तव्यावर असताना हे म्हणाले, "छातीत भरून आल्यागत हुतंय." पुलावर पाणी. ट्रॅक्टरसुद्धा जाईना. दुपारी घरातच गेले.
आज परत आठवलं, कारण मोजणीवाली मॅडम आली. पुण्याची. पुरात कुठल्या गावाचं काय किती टिकतं याची पाहणी देशभर चाललीय म्हणे. पूल, विजेची डीपी, दवाखाना, नळाची मोटर. बचत गटाची म्हणून तिच्याबरोबर फिरायचं काम माझ्याकडे. पारावरचा बापू म्हणाला, "मॅडम, सरपंचबी मोजा. दोन थेंब पडलं की बंद पडतोय." सरपंचही हसले.

१५ जुलै
पट्टी धरायला मीच. पुलाची उंची, डीपीचा ओटा, दवाखान्याचं जोतं. दर ठिकाणी तिचा एकच प्रश्न, "पाणी चढलं की आधी काय बंद पडतं?" आधी वीज. वीज गेली की मोटर, म्हणजे नळ. मग पूल. मग फोन. सगळं बघितलेलं, पण असं ओळीनं कधी लावलं नव्हतं.
घरी आले तर मनी पाय पसरून बसलेली. नववा लागलाय. लेकीचं पहिलं बाळंतपण, म्हणून मीच हौसेनं सासरहून, साताऱ्याकडच्या खंडाळ्याहून आणली. जावई फौजेत, लांब. पाणी आलं तर...

१७ जुलै
मॅडमने नकाशा दाखवला. आपलं गाव लाल. "एकच वाट आहे, काकू. ती बुडते तेव्हाच दवाखानाही बंद होतो. म्हणून लाल."
सरपंच उसळले. "लाल नको वो! गावात पोरी द्यायचं बंद करतील लोक. पिवळा तरी लावा."
तिने रंग बदलला नाही.
ती निघाली तेव्हा गाडीपाशी गाठून विचारलं, लेकीला इथं ठेवू का? "मी पूल मोजते, काकू. यंदा पाणी येईल का, ते मला नाही सांगता येणार." खरं बोलली. राग आला तरी.

२० जुलै
इथं ऊन. वर कोयनेकडे पाऊस लागलाय.
सांगलीला डॉ.कडे गेलो. मनीचं सगळं ठीक. सासरी न्यायची तर? "या आठवड्यात न्या. नंतर मी एवढा प्रवास करू देणार नाही." सांगलीतच खोली घेऊन राहावं, तर तिथंही पेठेत पाणी शिरतं.

२१ जुलै
शालन, माझी धाकटी जाऊ, तोंडावर बोलणारी. "आवं आक्का, पयल्या येळंला लेक सासरी धाडणार? भावजींच्या माघारी आईला जड झाली म्हनतील." मग मऊ आवाजात, "दरसाल कुठं येतंय पाणी?"
तेही खरं.
मनीला सांगितलं. तिने भांडी आपटली. "तुला मी नको झाली व्हय?" दोघीही जेवलो नाही.
मला तरी कुठं पाठवायचीय. ह्यांच्यानंतर आत्ता कुठं घरात बोलणं ऐकू येतंय. बाळाला पहिली आंघोळ मी घालणार होते.

२२ जुलै
विहीणबाईंना फोन. म्हटलं, रीत मोडतेय, राग मानू नका.
"आवं, आमच्याकडं टँकर येतोय, पूर कुठला! आना पोरीला. आन तुमीबी ऱ्हावा. नातवाला न्हाऊ घालायला माझं गुडघं वाकत्यात व्हय?"
"नातवाला?"
"नातीला असंल. न्हाऊ दोघांनाबी लागतंय."
हसू आलं. पण लेकीच्या घरी राहायचं म्हणजे... नको. पोचवून परत येईन.
हे असते तर म्हणाले असते, घाबरट हायस. आणि सकाळीच गाडी ठरवून आले असते.

२३ जुलै
नदी पात्रात. पण गढूळ.
वाट उघडी असती तर हे वाचले असते का? तेव्हा डॉ. म्हणाले, सांगता येत नाही. आजही तेवढंच.
मनीने पिशवी भरली. परत काढून ठेवली. संध्याकाळी परत भरली.

२५ जुलै
काल मनीला पोचवलं. साताऱ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत होती, बोलली नाही. विहीणबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी निघाले तसा मनीने माझा पदर धरला, लहानपणी धरायची तसा. सोडवून आले. यायला अंधार झाला.
आज शालन दारातच, "बघा आक्का, कुठाय पाणी? उगं लेक घालवलीसा."
पुलावरून एस.टी. गेली, पोरं सायकली मारत गेली. कोरडा ठणठणीत. दिवसभर घरात कुणाशी बोलायला नाही. चूकच झाली असं तीनदा वाटलं.

२६ जुलै
नदी पात्रातच. म्हैस शालनच्या दावणीला बांधली आणि दुपारच्या एस.टी.नं खंडाळ्याला आले. आता बाळाला पहिली आंघोळ घालूनच परत.