डोहाचं कुंपण

बाबा, आज तुमचा फार राग आलाय. मेलेल्या माणसावर काय चिडायचं म्हणतील, म्हणोत. सकाळी सून शेजारणीला सांगत होती, "आमच्या आजेसासूबाई लंगडायच्या ना, त्यांना माजलेल्या डुकरिणीनं फोडलं होतं." तुमचंच वाक्य! तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात तेच चालू आहे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणून लिहायला बसले.

माजली कुठली? कयाधू नदीकडे जाणाऱ्या आपल्या ओढ्यातला डोह भर उन्हाळ्यातही आटत नसे. दिवसा पाणी माणसांचं, दिवस मावळला की जनावरांचं, असा गावचा रिवाज. तिन्हीसांजेनंतर घागर घेऊन कुणी बाई तिकडं फिरकायची नाही, आणि रोही, रानडुकरं दिवसा कधी दिसायची नाहीत. निजामाचं राज्य जायच्या एक-दोन वर्षं आधी तुम्ही गायरान मोडलंत, डोहाच्या काठाला नवी वस्ती बसवलीत आणि पाण्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलंत; घागरी न्यायला एक खिंडार तेवढं ठेवलंत, तेही काट्या लावून बंद. आई भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली, "आवो, त्या मुक्या जीवांनी पाणी कुठं प्यावं?" तर तुम्ही खेकसलात, "जनावराची वकिली करून राहिली व्हय? लेकराबाळाच्या पाण्यापरीस तुला डुकरं जास्त झाली?" ताट सरकवून उठलात. आईही त्या दिवशी जेवली नाही.

रात्री वस्तीवरची कुत्री अन् टेंभे, मग बिचारी जनावरं दिवसाउजेडी येऊ लागली. वैशाखातली दुपार. डोहाकडून आईची किंकाळी येते, मी अनवाणी धावते आहे. चार माणसं तिला खाटेवर घालून आणताहेत, लुगडं रक्तानं भिजलंय. डुकरीण कुंपणाच्या आत होती, पिल्लांसकट. आई घागर घेऊन खिंडारात उभी, म्हणजे बाहेर जायची वाट बंद. पिल्लांपायी ती अंगावर आली, दुसरं काय करणार होती? तुम्ही जवळा बाजारहून बंदूकवाला आणलात. डुकरीण मारली, मटणाचे वाटे घातले, हलगी वाजवली. आत आई कण्हते आहे आणि ओट्यावर तुम्ही लोकांना सांगताय, "माजली व्हती. आन् बाईनं तरी भर दुपारी एकटीनं पाण्याला जायाचं काहून?" लाज कशी वाटली नाही हो? पाणी काय तुम्ही भरणार होता?

एवढ्यावर भागलं नाही. खिंडाराला काट्या लावायचं काम आपल्या सालगड्याचं. तो हात जोडून म्हणत होता, "मालक, लेकराची आन, म्या बराबर लावलं व्हतं." तुम्ही गावासमोर त्याच्या मुस्काटात मारली आणि हाकलून दिलंत. आई खाटेवरून म्हणाली, "त्याला ठिवा, त्याचा गुन्हा न्हाई." तिचं कोण ऐकतं! बायको, दोन पोरं आणि एक बोचकं घेऊन तो शिरड शहापूरच्या वाटेला लागला. आई मरेपर्यंत पाय ओढत चालली, पण 'माझं चुकलं' हे तुमच्या तोंडून एकदाही निघालं नाही.

हा कागद कुठं धाडायचा नाही, कुणाला वाचूनही दाखवायचा नाही. म्हणून आता उरलेलं लिहिते. त्या दुपारी डुकरीण पिल्लं घेऊन कुंपणाबाहेर घुटमळत होती. पिल्लांना धड उभं राहवत नव्हतं. मी अकरा वर्षांची होते. मला बघवेना. खिंडाराच्या दोन काट्या ओढून वाट करून दिली आणि घरी येऊन जरा लवंडले. थोड्या वेळानं जाऊन लावू म्हटलं, तर डोळा लागला. गड्याला तुम्ही मारलंत तेव्हा मी खांबाला धरून तिथंच उभी होते, बाबा. गालावर हात ठेवून तो माझ्याकडं वळला. "ताई, सकाळी तुमी बघितलं ना? तुमी तरी सांगा, म्या लावलं व्हतं का न्हाई?"

मी मान खाली घातली.