पांढऱ्या साडीवरचा टॉवेल

सोमवार, १०
कालच्या नोंदीत चूक आहे. ‘आईला सगळं सांगितलं’ असं लिहिलंय. नाही सांगितलं. सांगायला तोंड उघडलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. तेही कमी नव्हतं. म्हणजे दोनदा खोटं.
सांगायचं एवढंच: येत्या रविवारी नऊला चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा आहे. उद्या नक्की.

मंगळवार, ११
काका आले. बाबा गेल्यापासून विहाराचं तेच बघतात. फाटकावरची चर्चची पत्रकं टराटरा फाडून आणली होती. वहिनी, आपलं एक जरी माणूस पळवलं ना, तर त्या पास्टरची तंगडी मोडतो, म्हणाले. आई म्हणाली, भावोजी, आधी चप्पल काढा.
माझं नाव कुणी घेतलं नाही, त्यामुळे सांगायचा प्रश्नच आला नाही.

बुधवार, १२, दुपार
पास्टरनी विचारलं, घरातल्या बुद्धमूर्तीचं काय केलंस? म्हटलं, काढली. काढली होतीच, पुसायला. परत ठेवताना बाबांच्या खुर्चीचा वेत करकरला. त्याच खुर्चीत बसून त्यांनी मला शाळेच्या आधी अक्षरं शिकवली. पहिलं वाक्य: अर्धं खरं म्हणजे अख्खं खोटं.
वेत उन्हानं वाजतो. शास्त्रीय कारण आहे.

शुक्रवार, १४
पांढरी साडी आणली. बाप्तिस्म्याला पांढरं लागतं. आईनं पाहिली आणि तिचा चेहराच उजळला. रविवारी नऊलाच विहारात बाबांच्या वर्षाची वंदना आहे, तिथंही पांढरंच. येतेस होय, मी आपली आशाच सोडली होती गं, म्हणाली. मी हसले. हसणं म्हणजे बोलणं नव्हे.
खुर्ची वाजली. आज ऊन नव्हतं.

शनिवार, १५, संध्याकाळ
आईनं साडीला इस्त्री केली. घडीवर बाबांचा टॉवेल ठेवला. मान वर न करता म्हणाली, तुझे पास्टर वाटेत भेटले, उद्या तुम्हीही या म्हणाले. मी वंदनेला जाईन. तू तुझ्या पाण्यात उतर, पण डोकं लगेच पूस, सर्दी होते तुला. आणि बाबांना मी काही सांगणार नाही. ते तुझं तू सांग.
आईला थोडा अंदाज आलेला दिसतो. तरी मी स्वतः सांगितलेलं नाही, तेव्हा ते धरता येणार नाही.
खुर्ची गप्प आहे. ऐकायला बसल्यासारखी.
दोघांनाही सांगणार. चहाच्या आधी, सकाळी आठला. रविवार, १६ तारीख.