श्वास मोजायचा तास

बबडे,

तुझ्या सरांचा फोन आला होता. ऑनलाइन तासाला सगळी मुलं डोळे मिटून श्वास मोजतात, तू तेवढी कॅमेरा बंद करून निघून जातेस, म्हणाले. मी सांगितलं, आईच्या उशाशी बसून तिने शेवटचे चार दिवस श्वासच मोजलेत. मग सर म्हणाले, तिने नुसता कानावर पडेल तो आवाज ऐकला तरी चालेल.

मी कामावर निघालोय. दाराबाहेरचं कालचं ताट तसंच होतं, ते उचललं. ताजं झाकून ठेवलंय.

संध्याकाळी फळी घरी आणून तुझ्या दारासमोर रंधा मारीन. तो आवाज ऐकायचा तर आतून ऐक. पण फळी लांब आहे, एकट्याने धरली तर हलते. आई धरायची ते टोक धरायला बाहेर आलीस तर बरं होईल.

बाबा