फक्त तीन जनावरे

वैशाख शुद्ध ३, शके १८३३

आज अक्षय तृतीया. आजचा संकल्प अक्षय टिकतो, म्हणून ही वही आजच उघडली.

देशमुखांच्या धाकट्याचे लग्न माजलगावला. परवा गाड्या जुंपणार. जाऊन-येऊन दहा-बारा दिवस. निम्मे गाव वऱ्हाडात. मी जाणार नाही. पंगतीत कोपरापर्यंत ओघळणारे तूप आणि त्यावर दिलेले ढेकर मला सोसत नाहीत. देवळात माझ्याबरोबर पोथी ऐकायला बसायचा तो रामहरी मात्र निघाला आहे. म्हणे मंगलाष्टके म्हणायला. पोटासाठी माणूस काय काय म्हणतो.

मागे राहणाऱ्याने जाणाऱ्यांची जनावरे सांभाळावीत, असे मला वाटले. भूतदयाही घडेल. पण मर्यादा हवी. पुष्कळ विचार करून आकडा ठरवला. तीन. आमच्या दारात खुंटे तीन आहेत, म्हणून नव्हे. तीन हा आकडाच सात्त्विक आहे.

घरी सांगितले. ही म्हणाली, "अवं, तुमाला एक गाय सांभाळता आली न्हाई. ती मामाच्या गावाला निघून गेली."

शुद्ध ४, दुपार

सुंदरराव देशमुखांनी वाड्यावर बोलावले. त्यांचा कारवानी शिकारी कुत्रा दिलावर, तो माझ्याकडे राहणार. म्हणाले, "गहिनीनाथबुवा, त्याला रोज शेरभर मटण लागतं. दुसऱ्याच्या घरी ठेवलं तर घरचेच खाऊन मोकळे होतील. तुमी माळकरी. तुमच्याकडं ते भ्याव न्हाई."

मटण सटवा खाटीक रोज आणून देणार. तरी हो म्हणालो, कारण उठताना ते म्हणाले, "श्रावणात देवळात पोथी सांगाय कुनाला बसवायचं, ते लग्नाहून आलो की बघू."

पोथीची जागा गेल्या वर्षापासून रिकामी आहे. तेवीस वर्षे मी खांबाला टेकून ऐकत आलो. एकदा तरी व्यासपीठावर बसावे, एवढीच इच्छा. देवाला ठाऊक आहे. आता देशमुखांनाही ठाऊक झाले पाहिजे.

संध्याकाळ

शेजारचा शहादेव म्हैस बांधून गेला. आप्पारावांनी शेळी आणली. तीन पूर्ण. शेळीमागे दोन करडे आहेत. पण पिणारे पिल्लू आईतच धरतात. ते धरून मोजणे हा निव्वळ कोतेपणा.

शुद्ध ५, सकाळ

गाड्या निघण्याच्या वेळी छबुबाई डोक्यावर डाल घेऊन आली. एकटी बाई, नवरा पटकीत गेला. देशमुखांकडे दळायला-कांडायला वऱ्हाडाबरोबर चालली होती. डालीत अकरा कोंबड्या. त्यातली एक अंड्यांवर बसलेली.

मी म्हणालो, आमच्या दारात कोंबडी? ती म्हणाली, "कावून न्हाई, बुवा? साऱ्या गावात तुमचंच घर असं हाय की जितं कोंबडीवर कुनाची नजर न्हाई. बाकीच्यायला दिल्या तर परत येत्याल का?" आणि म्हणाली, "ह्या अकरावरच माझं पोट हाय. मोजून देते, मोजून घेते."

वास असा की श्वास रोखून बोललो. पण तिच्या डोळ्यांकडे पाहून ठेवून घेतल्या. कोंबडी हा पक्षी आहे, जनावर नव्हे. संकल्प अबाधित.

हिने चौदा तोंडे आणि दोन करडे, असा आकडा मोठ्याने उच्चारला. दुष्ट हेतूने.

शुद्ध ६

सटवा केळीच्या पानात बांधून मटण घेऊन आला. उंबऱ्याच्या अलीकडे येऊ दिले नाही. पानातून रक्त ठिबकत होते. मला घेरी आली. सटव्याला सांगितले, उद्यापासून आणू नकोस. तो म्हणाला, "मग कुत्रं काय खाईल?" मी म्हणालो, दूध-भाकरी. अन्नासारखी वृत्ती होते. तो म्हणाला, "बुवा, ते कुत्रं हाय." मी म्हणालो, तेच बदलायचे आहे.

सटवा खुशीत गेला. देशमुखांच्या हिशेबातले मटण आता त्याच्याच घरी शिजेल. त्याचे पाप त्याला.

विचार असा: देशमुख परत येतील तेव्हा त्यांचा कुत्रा माळ घालण्याजोगा झालेला असेल. मग पोथी कोणी सांगावी हे विचारायची गरजच राहणार नाही.

दिलावर हे नाव तोंडात बसत नाही. मी त्याला नारायण म्हणतो. हाक मारताना नामही घडते. दिवसातून तीसेक वेळा तरी.

शुद्ध ७

म्हैस दूध देईना. वत्सलाबाईच्या, म्हणजे शहादेवाच्या बायकोच्या, वासाची तिला सवय. शहादेव जाताना बायकोचे जुने लुगडे ठेवून गेलाच होता. हिने साफ नकार दिला. म्हणाली, "जनावरं तुमी घेतली, लुगडं तुमीच नेसा." शेवटी अंगावरून पांघरले आणि बसलो. लुगड्याला शेण, घाम आणि तंबाखूचा वास. म्हशीने अर्धा शेर दिले. धुळाजी रस्त्याने जाताना थांबला, बघितले, काही न बोलता गेला. धुळाजी समंजस आहे.

नारायणाने दूध हुंगले आणि बाजूला झाला. पहिल्या दिवशी असे होणारच.

शुद्ध ८

शेळीने पोथीचे रेशमी बासन खाल्ले. अर्धे. उरलेले तिच्या तोंडातून ओढून काढले तेव्हा हातभर लाळ आली. दोनदा आंघोळ केली. अंगणभर लेंड्या. जिथे आसन टाकावे तिथे लेंड्या. दया हा सद्गुण लांबूनच करण्याचा आहे की काय, असा विचार मनात आला. तो लगेच काढून टाकला.

कोंबड्या दहा दिसल्या. सारख्या हलतात. मोजणे अवघड.

शुद्ध ९

कोंबड्या नऊ. हलत नव्हत्या तेव्हा मोजल्या.

मुंगूस असावे. बांधावर पाहिल्यासारखे वाटते. दार घट्ट लावत जाईन असा निश्चय केला.

नारायण भाकरीला तोंड लावत नाही, तरी तजेलदार आहे. अंगावर तकाकी. ही म्हणाली, "न खाता कुनी फुगतं का?" हिला संयमाचे तेज कळत नाही.

शुद्ध १०

कोंबड्या सात. मुंगसासाठी काठी घेऊन दुपारभर बांधावर बसलो. उन्हाने डोके तापले. मुंगूस आले नाही. घाबरलेले दिसते. परत आलो तर नारायण सावलीला शांत झोपलेला, पंजावर हनुवटी. याला म्हणावे निर्वैर.

हिने त्याच्या तोंडाकडे बोट दाखवले. "अवं, मिशाला पीस हाय."

वाऱ्याने पिसे उडत असतात. अंगणात कोंबड्या असल्यावर पीस कुठेही चिकटणार. माझ्याही धोतराला आहे. मग मी कोंबडी खाल्ली का, असे विचारले. ही म्हणाली, "तुमी न्हाई खाल्ली. म्हनूनच तर मला कळतंय कोनी खाल्ली."

स्त्रियांना श्रद्धा शिकवता येत नाही.

शुद्ध ११, एकादशी

आज नारायणाने पाण्याशिवाय काही घेतले नाही. दूध ठेवले, मान फिरवली. भाकरी ठेवली, उठून गेला. मी सांगितले नव्हते. माझा साबुदाणाही त्याने हुंगला नाही. मी स्वतः दोनदा खाल्ला.

कुत्र्याने निर्जळीच्या जवळपासची एकादशी करावी! देशमुखांना सांगायची वाक्ये जुळवून ठेवली. श्रावणात पोथीच्या पहिल्या दिवशी हाच दाखला देईन. गाव ढसाढसा रडेल.

दारावरून जाणाऱ्या सटव्याला ऐकवले, मग हिला सांगितले. ही म्हणाली, "पोट भरलंय त्याचं." उपवासाच्या दिवशी वाद नको.

कोंबड्या मोजल्या नाहीत. एकादशीला कोंबड्यांकडे बघू नये.

शुद्ध १३, सकाळ

पाहिले.

तुळशीपुढे. मी दिवा लावायला आलो. नारायणाच्या तोंडात कोंबडी, पंख पसरलेले. त्याने माझ्याकडे बघून शेपूट हलवली. मी ओरडत धावलो, "नारायणा! नारायणा! सोड!" तो अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून देवळाला वळसा. मी मागे. धोतर सुटलेले, घसा बसलेला. देवळाच्या पायरीवर केसरबाई वाती वळत होती. तिने हात जोडले. म्हणाली, "बुवाला देव दिसाय लागला."

मागे फिरलो तेव्हा त्याने ती माझ्या उंबऱ्यावर आणून ठेवली होती. नीट. पायापाशी. मला देत होता. अंगणात उलटी झाली.

आता चार आहेत, अंड्यांवरची धरून.

दुपार

शांतपणे विचार केला. माझी चूक आहे का? मी वाईट काही दिले नाही. दूध दिले, भाकरी दिली, नाम दिले. उलट जनावराचा मूळ स्वभाव किती खोल असतो ते माझ्यामुळे सिद्ध झाले. हाही एक अर्थ पोथीत घेता येईल.

पण छबुबाईचे काय? ती म्हणाली होती, सगळ्या गावात तुमचेच घर. हे वाक्य सकाळपासून कानातून जात नाही.

वद्य १

गाड्या आल्या. छबुबाई घरी जाण्याआधी इकडेच आली. मी सांगू लागलो, मुंगूस... तिने ऐकून घेतले नाही. खाली बसून मोजल्या. पुन्हा मोजल्या. रडली नाही. म्हणाली, "बुवा, चोराकडं ठेवल्या असत्या तर चोरानं दोनच ठेवून घेतल्या असत्या, बाकीच्या परत दिल्या असत्या." मग म्हणाली, "पैसे नको मला. कोंबडीला कोंबडी द्या. सात. आनी तूच जाऊन आन म्हनू नका, मी चार दिस बाजाराला येत न्हाई. पाय सुजल्यात."

पाय खरेच सुजले होते. मी तिला पाट दिला. ती बसली नाही.

वद्य २

वाड्यावर बोलावणे. सटव्याने आधीच सगळे सांगितलेले. शेर शेर मटण कुठे गेले तेवढे सोडून. देशमुख हसून हसून लाल झाले. म्हणाले, "एकादशी? आमच्या दिलावरनं?" बैठकीतले सगळे हसले. रामहरीही हसला. तो देशमुखांच्या शेजारी बसला होता, नवे उपरणे घेऊन.

मंगलाष्टके फार गोड झाली म्हणे. नवरीकडचे लोक रडले. श्रावणात पोथी रामहरी सांगणार.

उठायला लागलो तर देशमुख म्हणाले, "थांबा. कुत्रा घेऊन जावा." मी म्हणालो, तो आपला आहे. म्हणाले, "आता त्याला कोंबडीची चटक लागली. वाड्यात शंभर कोंबड्या हायत आमच्या. तुमच्या घरी एक न्हाई. तितंच बरं. माळकऱ्याच्या घरात त्याला मोह कशाचा?"

कोणी हसले नाही. त्यांना ते पटले होते.

वद्य ४

युसूफ वडगावच्या बाजाराला गेलो. माळ सदऱ्याच्या आत सरकवली. लाजेने नव्हे, उन्हाने मणी तापतात. नारायण मागून आला. हाकलला तरी आला.

कोंबड्यांच्या रांगेत आयुष्यात पहिल्यांदा उभा राहिलो. वास, घाण, पायाखाली पिसे, जिवंत कोंबड्यांचे पाय सुतळीने बांधून उलटे टांगलेले. डोळे मिटून मागितल्या, सात द्या. विकणाऱ्याने एकेकीची छाती दाबून दाखवली. म्हणाला, "ही घ्या, रस्सा झ्याक हुईल. ही जून हाय, शिजाय येळ लागंल." मी म्हणालो, मला खायच्या नाहीत. अंडी देणाऱ्या हव्यात. एका बाईला परत करायच्या आहेत. कुत्र्याने खाल्ल्या. कुत्रा माझा नाही. मी माळकरी आहे. माळ बाहेर काढून दाखवली.

त्याने माळेकडे बघितले. कुत्र्याकडे बघितले. सात कोंबड्यांकडे बघितले. मग एक फाटके फडके घेतले, मी न सांगता टोपली नीट झाकली, आणि कानाशी वाकून अगदी माणुसकीने म्हणाला, "जावा बुवा. मी कुनाला सांगत न्हाई."