डाग चालतात, तारीख चालत नाही

रविवार, डिसेंबरचा पहिला आठवडा

प्रिय कारिन,

हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तुमच्या तुरुंगाच्या टपालखोलीतलं कुणीतरी ते उघडून वाचणार, तेव्हा आधी त्यांना माझा नमस्कार. वाचा बापहो, लपवण्यासारखं यात काही नाही. परवा फोनवर जे बोलायचं राहिलं, तेवढंच लिहायला बसले आहे. तू रागावलीस की मी गप्प होते, आणि मी गप्प झाले की त्या फोनमधली यंत्राची बाई नेमकी मध्ये येऊन आपल्याला तोडते. पत्रात निदान ती नाही.

आधी घरची खबर. तुझ्या थेआचा पुढचा दात पडला. दातपरीसाठी उशीखाली ठेवायला मात्र बाईसाहेब तयार नाहीत. "परीला काय, रोज कुणाचे ना कुणाचे दात मिळतात. आईने कुठे बघितलाय?" असं म्हणून तिने तो माझ्या कानातल्यांच्या डबीत ठेवलाय आणि माझी कानातली बाहेर काढलीत. थँक्सगिव्हिंगला आम्ही दोघींनी लेफ्स केलं. बटाट्याच्या त्या पातळ पोळ्या ती आता स्वतः लाटते. एकही गोल होत नाही आणि कडा तुझ्यासारख्याच जळतात. तुझ्या जळक्या मी खायचे, आता तिच्या खाते. बाकी गुडघाभर बर्फ पडलाय आणि माझा गुडघा दुखतोय, त्यात नवीन काही नाही.

गेल्या वर्षीच्या भेटीबद्दल आपण कधी बोललो नाही. काचेच्या पलीकडे तू, अलीकडे आम्ही, आणि थेआ फोन कानाला लावायचं सोडून दोन्ही हातांनी काच ढकलत होती. तिला वाटलं जोर लावला तर सरकेल. मग ती जी किंचाळली, ते तूही ऐकलंस. "आई, हिला परत इथे आणू नकोस," एवढंच तू म्हणालीस. मी आणलं नाही. वाद घातला नाही, कारण तू तिची आई आहेस.

आता माझ्या कामाबद्दल. लहानपणी तू मैत्रिणींना सांगायचीस, "माझी आई कागदांना शिक्के मारते." खरंच आहे ते. पण कुठल्या कागदांना, हे तू कधी विचारलं नाहीस. राज्यातलं एखादं खातं नियम करतं, सुनावण्या घेतं, हात वर करून मंजूर करतं, तरी तो नियम होत नाही. तो आमच्या खिडकीवर दाखल व्हावा लागतो, आणि सोबत एक प्रमाणपत्र लागतं. त्यात खात्याच्या प्रमुखाने स्वतःच्या सहीने लिहून द्यायचं असतं की सोबतचा मजकूर हा आम्ही मंजूर केलेलाच नियम आहे, पूर्ण आहे, शब्द न शब्द तोच आहे. डॉक्टरच्या खोट्या सह्या मारून गोळ्या मिळवणारी मुलगी माझ्याच पोटी यावी, यावर ऑफिसात लोक काय बोलले असतील ते मी ऐकायला गेले नाही. बर्नडीन बोलली नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर बसते ती, तीस वर्षांची मैत्रीण, आणि तुला दर वाढदिवसाला कार्ड पाठवते तीच.

वसंतात तुमच्या तुरुंग मंडळाने तो प्रस्ताव आणला. आवाराच्या टोकाला असलेल्या छोट्या घरात आईने मुलांसोबत शनिवार ते रविवार राहायचं. काच नाही, फोन नाही, स्वयंपाकघर आहे. मी वाचलं आणि त्याच दिवशी साहेबांना सांगितलं की या कागदांना मी हात लावणार नाही, माझी मुलगी तिथे आहे. सगळं बर्नडीनच्या टेबलावर गेलं. मी फक्त वाट बघत होते. इतकी वाट मी कधी कशाची बघितली नव्हती, तुझ्या जन्माचीही नाही. तू तर लवकरच आलीस.

मूळ प्रस्तावात दहा वर्षांखालची मुलं होती. सुनावणीत एक आजोबा उठले आणि म्हणाले, "माझा नातू बारा वर्षांचा आहे. त्याने काय करायचं? लहान व्हायचं?" मंडळाला ते पटलं. थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात मंगळवारी त्यांनी वय चौदावर नेऊन नियम मंजूर केला. बुधवारी कागद आमच्या खिडकीवर आले. त्या संध्याकाळी महिन्याचं राजपत्र बंद होणार होतं. त्यात नियम छापला गेला असता तर तो नाताळाआधी लागू झाला असता.

दुपारी बर्नडीन माझ्या टेबलाशी आली, प्रमाणपत्र उलटं धरून. "आर्डिस, मला यात काही दिसलं नाही. मी चष्मा विसरलेय. तू हो म्हण, मी शिक्का मारते, आणि तू घरी जाऊन बटाटे उकड." चष्मा तिच्या डोक्यावर होता. मी कागद सुलटा केला. मंडळाचे प्रमुख हॉल्वरसन यांची सही खरी होती, शाई खरी होती, तारीख मात्र आधीच्या शुक्रवारची होती. तुला माहीतच आहे, हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी आपल्या राज्यातले सगळे साहेब काय करतात. समोर येईल त्या कागदावर सह्या ठोकायच्या आणि बंदूक घेऊन उत्तरेला पळायचं. हॉल्वरसन यांनी ज्या मजकुराची ग्वाही दिली, तो त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता.

कारिन, माझ्या मनात आलं. खोटं कशाला बोलू? मनात आलं की कोण बघणार आहे. मग मला तो तळ्यांवरच्या मासेमारीचा नियम आठवला. त्याच्या प्रमाणपत्रावर भलत्याच माणसाची सही होती, तरी तो वर्षभर चालला. मग ज्यांना तो नको होता ते कोर्टात गेले आणि न्यायाधीशांनी एका सकाळी तो रद्द केला. तेव्हा आम्ही हसलो होतो, कारण ते मासे होते. हा नियम नको असलेली माणसंही कमी नाहीत, सुनावणीत ती काय काय बोलली ते मी वाचलंय. थेआने चार शनिवार तुझ्या कुशीत झोपायचं आणि पाचव्या शनिवारी तिला सांगायचं की कागद चुकला होता, बाळा, पुन्हा काच? ते मला सोसलं नसतं. "परत पाठव," मी म्हणाले. बर्नडीन म्हणाली, "तू वेडी आहेस." मी म्हटलं, "असेन. पाठव." कागद परत पाठवल्याच्या चिठ्ठीवर सही तिची आहे, पण बोल माझे आहेत. नंतर आम्ही दोघी हात धुवायच्या खोलीत जाऊन रडलो, ती तर माझ्यापेक्षा जोरात.

मंडळाच्या ओस्ट्रँडरबाईंचा फोन आला तो तापूनच. "साहेब जंगलात आहेत! तिथे फोन लागत नाही! मी काय हरणाच्या हाती निरोप पाठवू?" पण बाई खमकी निघाली. सण संपताच नवीन प्रमाणपत्र घेऊन ती गाडी हाकत थेट शिकारीच्या खोपटावर गेली. हॉल्वरसन यांनी नारिंगी जाकीट घालून, हातातला सॉसेज बाजूला ठेवून, ट्रकच्या नाकाडावर कागद टेकवून तो आधी सबंध वाचला आणि मगच सही केली. सोमवारी तो आमच्याकडे आला तेव्हा कोपऱ्यात मोहरीच्या सॉसचा पिवळा ठसा होता. ओस्ट्रँडरबाई घाबरून विचारत होत्या की हे चालेल ना. बर्नडीनने चष्मा लावून सगळं तपासलं आणि म्हणाली, "डाग चालतात बाई, तारीख चालत नाही." आणि शिक्का मारला. माझ्या टेबलापर्यंत तो आवाज आला. इतक्या वर्षांत मला शिक्क्याचा आवाज कधी असा ऐकू आला नव्हता.

पण राजपत्र बंद झालं होतं, म्हणून नियम जानेवारीत लागू होणार. नाताळ हुकला. फोनवर तू ओरडत होतीस, "कोण ती म्हातारी खवट बाई, जिने एका तारखेवरून माझा नाताळ खाल्ला? तिला मुलंबाळं नाहीत का?" थेआ शेजारीच बसली होती, म्हणून मी काही बोलले नाही. मुलंबाळं आहेत तिला, कारिन. एकच आहे. आणि तिच्यासाठी तिने असा कागद मागितला जो कुणाला फाडता येणार नाही.

नाताळचं झाड उतरवायचं नाही असं थेआने ठरवलंय. जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत ते उभं राहील, सुया गळल्या तर मी झाडेन. आम्ही बटाटे आणू, दाताची डबी आणू. लाटण्याला बंदी असल्याचं नियमात कुठे दिसत नाही, मी तो बऱ्याच वेळा वाचलाय. फक्त एक गोष्ट माझ्या हातात नाही, आणि तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं. भेटीचा अर्ज आईनेच करायचा असतो. आजीची सही चालत नाही, मी विचारून बघितलं. तू म्हणाली होतीस तिला आणू नकोस, आणि तुझ्या मनाविरुद्ध मी आणणार नाही. पण आता मध्ये काच नाही गं. तुमच्या कचेरीत कोरे अर्ज आले आहेत. एक माग, सावकाश वाच, तुझं स्वतःचं नाव लिही, तुझी स्वतःची सही कर. आणि तारीख त्याच दिवशीची घाल.

तुझीच खवट म्हातारी,
आई